लिंबाचा फवारा
लिफ्टमध्ये कुणीतरी लिंबाच्या वासाचा फवारा मारला होता, आणि मी दाराशी सरकलो. महादेवपुऱ्याच्या जुन्या ऑफिसात आमचा टीम लीड जागेवरच बिर्याणी खायचा आणि वर हाच फवारा मारायचा. शिळा मसाला आणि लिंबू दिवसभर एसीत फिरत राहायचे. त्याने आमच्या मोबाईल ॲपमध्ये क्यूआर स्कॅन करायची बाहेरची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, घातली, आणि बाकी सगळ्यांच्या मशीनवर एकच लाल ओळ आली: मॉड्यूल सापडत नाही. "माझ्याकडे चालतंय. तुला साधं इन्स्टॉल करता येत नाही?" बेळगावहून नवीन आलेल्या, प्रोबेशनवरच्या मुलीवर तो खेकसला. तिने बिचारीने सगळं पुसून पुन्हा पुन्हा इन्स्टॉल केलं. शेवटी आम्ही दोघांनी सेटिंगची फाईल उघडली, तर लायब्ररीचा पत्ता थेट त्याच्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपचा! "सर, तुमच्या डेस्कटॉपवरचं आमच्या मशीनला कसं सापडणार ओ?" तिने हळूच विचारलं. त्याने गुपचूप लायब्ररी प्रोजेक्टमध्ये टाकली, पत्ता बदलला, आणि क्लायंटच्या कॉलवर गोड आवाजात म्हणाला, "ज्युनियरने घोळ घातला होता, मी निस्तरला." मी मध्येच बोललो, पत्ता कुणाचा होता ते सांगून टाकलं. कॉल संपल्यावर त्याने ढेकर दिला आणि आमच्या डोक्यांवरून फवारा मारला. प्रोबेशन वाढलं ते तिचंच. "छान वास आहे ना?" लिफ्टमधल्या शेजाऱ्याने विचारलं. मी पुढच्याच मजल्यावर बाहेर पडलो आणि जिन्याने उतरलो.