माझ्या टेलिस्कोपमध्ये तिचं कडबोळं

थांबा, हातातलं ठेवा जरा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर पोटात दुखत राहील.

काल संध्याकाळी आमच्या बोरिवलीच्या गच्चीवरून, माझ्या टेलिस्कोपमधून, मी स्वतः लावून ठेवलेल्या जागी रिंग नेब्युला दिसला. मला नाही. माझ्या मामेबहिणीला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. तारा म्हातारा झाला की बाहेरचे थर सोडून देतो आणि त्या वायूचं कडं चमकत राहतं. पूर्वीच्या दुर्बिणींतून ते ग्रहासारखं गोल दिसायचं, म्हणून नाव पडलं ग्रहीय तेजोमेघ. ग्रहाशी काही घेणंदेणं नाही. रिंग त्यातला सगळ्यात फेमस. अभिजित ताऱ्याजवळ दोन मंद तारे असतात, त्यांच्या मधे. दसरा झाल्यापासून मी रोज अंधार पडला की गच्चीवर. बघायचं, दिसायचं नाही, फोनवर नकाशा तपासायचा, आमच्या आकाश बघणाऱ्यांच्या ग्रुपवर ‘अजून नाही यार’ टाकायचं, परत डोळा लावायचा. रोज हेच.

ही बहीण भांडुपची, माझ्याच वयाची, फराळाला मदत करायला आलेली. तिच्या चकल्यांना काटे येतात. माझ्या तेलात सुटतात. असं सगळ्यातच आहे आमचं, लहानपणापासून. तर फोन खाली चार्जिंगला लावून ती मूठभर शेव घेऊन वर आली आणि कठड्याला टेकून नुसती आकाशाकडे बघत बसली.

बऱ्याच वेळाने म्हणाली, “बघू तरी काय आहे.”

“तुला नाही दिसणार गं. खूप पुसट असतं. सवय लागते.”

तिने डोळा लावला. शेव चावायची थांबली.

“ते राखाडी कडबोळं का?”

“कुठलं कडबोळं?”

“अगं, एवढुसं. मधे भोक. बाजूच्या ताऱ्याकडे बघितलं की दिसतं, सरळ बघितलं की गायब.”

मी तिला अक्षरशः ढकललं. डोळा लावला. काही नाही, नुसता करडा उजेड. म्हटलं, “आयपीसच्या भिंगावर डाग असेल.”

“डाग ताऱ्यांबरोबर सरकतो का?”

मी फोन काढला, फोटोशी ताडून बघायला. तिने तो हातातूनच घेतला. “हा आता माझ्या खिशात. दर मिनिटाला एवढा उजेड डोळ्यांत मारून घेतेस, मग काय कपाळ दिसणार?”

आणि हे मला माहीत होतं हो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ द्यायचा, मंद गोष्ट तिरक्या नजरेने बघायची, हे मीच ग्रुपवर नवीन लोकांना शिकवते. फक्त शिकवता शिकवता फोन हातात असतो.

मग बसले गपचूप पाण्याच्या टाकीला टेकून. बोटं नुसती शिवशिवत होती. ती मधे मधे उठून बघायची, टेलिस्कोप थोडा सरकवायची आणि म्हणायची, “आहे हं अजून, झकास आहे.” म्हणजे जणू तिनेच तळून ठेवलंय.

शेवटी मी बघितलं. बाजूच्या ताऱ्याकडे. आणि कोपऱ्यातून आलं ते, फुंकलेल्या धुराचं इवलंसं कडं, इतकं नाजूक की मी श्वास रोखला. खरंच सुंदर होतं. आणि माझ्या मनात पहिला शब्द आला, उष्टं.

खाली आल्याबरोबर ती आईला म्हणाली, “आत्या, एका फटक्यात दिसलं मला.”

“दिसतलाच गो,” आई म्हणाली, “तुझी नजरच तशी.” आणि माझ्याकडे बघून, “तू इतके दिवस काय करत होतीस?”

जेवताना तिने विचारलं, “शनिवारी परत येते, दुसरा एखादा दाखवशील?” मी म्हटलं, बघू, ढग असतील. “दिवाळी तोंडावर आणि कसले ढग?” ती हसली. तिला कळलं असणार.

आज मी एकटीच वर जातेय. फोन आईकडे देऊन. डंबेल नावाचा दुसरा तेजोमेघ आहे, बराच मोठा, तो आधी मला बघायचाय. मग बोलवेन तिला. खरंच बोलवेन.

पण मला सांगा, तुम्ही जीव टाकून शोधत असलेली गोष्ट कोणी असं शेव खाता खाता तुमच्या आधी बघून गेलंय का? आणि नंतर तुम्हालाही दिसली, तेव्हा आनंद झाला, की आधी जळफळाट?