धुराड्याचं झाकण

माझे वडील, आप्पा, गवंडी. आयुष्यात किती घरं बांधली याची मोजदाद त्यांनी कधी ठेवली नाही. पण अभिमान एकाच घराचा होता, आणि ते घर त्यांनी बांधलेलंच नव्हतं.

कसबा बावड्याच्या रस्त्याला, चिंचेच्या झाडांमागे तो बंगला होता. कुण्या इंग्रज साहेबानं आपल्या मुलखातलं वाडवडिलांचं घर आठवून, जसंच्या तसं इथं उभं करून घेतलेलं. काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, घसरगुंडीसारखं उभं छप्पर, दगडी चौकटीत बारक्या बारक्या काचा बसवलेल्या उंच खिडक्या आणि छपरातून वर गेलेलं ताडमाड धुराडं. खाली दिवाणखान्यात शेकायची भली मोठी कमान. आप्पा दर वेळी तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "कसला ह्यो साहेब! कोल्हापुरात एवढी थंडी कुणाला वाजतीया?" पण दगडाच्या जोडावरनं बोट फिरवताना त्यांचा आवाज खाली यायचा. "सुईसुदीक जाणार न्हाय बघ आत."

बंगला पुढं एका शिक्षिका बाईंच्या घराण्याकडे आला. बाईंना शेकायचं काय पडलं होतं? कमानीचं तोंड पूर्वेला होतं, म्हणून त्यांनी त्या कमानीतच देव मांडले. खंडोबा, जोतिबा, बाळकृष्ण, सगळे इंग्रजाच्या चुलीत बसले. वरच्या दगडी फळीवर उदबत्त्या आणि काडेपेटी. कुणालाही यात वावगं वाटलं नाही, मला तर अजूनही वाटत नाही.

फक्त पावसाळ्यात धुराड्यातून पाणी थेट देवांच्या डोक्यावर पडायचं. बाईंनी आप्पांना बोलावून घेतलं. "मिस्त्री, देव भिजतात हो. समई टिकत नाही."

आप्पांनी काम मनावर घेतलं. देवांमागं फरशी उभी करून धुराड्याचा खालचा मार्ग बुजवला. बाहेरून दगडावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला. आणि वरच्या तोंडासाठी अंगणातच सिमेंटचं झाकण ओतलं. तेव्हा मी सात वर्षांची होते. ओल्या सिमेंटवर त्यांनी माझा पंजा दाबला आणि मग ते झाकण दोरानं वर चढवलं. पुढं वर्षानुवर्षं, पावणंरावळं आलं की हे ठरलेलं, "साहेबाचं घर हाय ते, पर देवावर छत्री कुणाची? माझ्या लेकीच्या हाताची!" मी लाजून आत पळायचे. मोठी झाल्यावर वैतागायचे.

मी इमारतींची तपासणी करणारी इंजिनिअर झाले. हातोडी घेऊन भिंती वाजवायच्या आणि त्यांचं दुखणं कागदावर लिहायचं, हा माझा धंदा. बाई थकल्या आणि दिवाणखान्याच्या भिंतीला पोट सुटलं, तेव्हा त्यांनी मलाच बोलावलं. "तू घरचीच आहेस. खरं काय ते लिही," म्हणाल्या.

दोन दिवस मी त्या घराची मापं घेतली. खिडक्या, कमानी, छपराचा उतार, सगळं कागदावर उतरवताना साहेबाच्या कारागिरांपुढं मनोमन हात जोडले. तिसऱ्या दिवशी धुराड्याच्या भिंतीला भोक पाडलं आणि हात आत घातला. आतला चुना भिजलेल्या पिठासारखा माझ्या बोटांना चिकटून आला.

कारण कळायला पाच मिनिटं लागली नाहीत. दगड-चुन्याची भिंत पावसात भिजते आणि वाऱ्यानं वाळते. ह्या भिंतीचं वरचं तोंड झाकलेलं, खालचं बुजवलेलं आणि अंगावर सिमेंट. भेगांतून शिरलेलं पाणी इतकी वर्षं आतच मुरत राहिलं होतं. आप्पांनी देव कोरडे ठेवले आणि भिंत कुजवली. वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अहवालात मी सगळं खरं लिहिलं, बंगला उतरवावा लागेल हेही. बाईंनी तो वाचून चष्मा पुसला. म्हणाल्या, "मिस्त्रींना नको सांगूस."

संध्याकाळी आप्पा वाटच बघत बसले होते. अहवाल इंग्रजीत, आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. "वाच की, काय लिवलंयस त्या घराचं." मी कागद हातात धरून वाचल्यासारखं केलं. म्हटलं, घर फार जुनं झालं, दगड थकला, बाकी काही नाही. सगळ्या जगाला भिंतींची खोटी कारणं सांगू नका म्हणून दटावणारी मी, बापासमोर बिनधास्त खोटं बोलले. मला वाटलं, मी त्यांना जपते आहे.

"व्हय, म्हातारं झालं की समद्यांचं असंच," ते म्हणाले. मग जरा खुलून, "पर झाकण न्हाय हाललं अजून, बघितलंस?"

बंगला उतरवायच्या दिवशी मी नको नको म्हणत असताना ते आलेच. कामगारांनी झाकण दोरानं खाली सोडलं. कडा शाबूत, मधोमध माझी पाच बारकी बोटं. आप्पांनी त्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. मग ते उठून धुराड्याच्या फुटक्या बुंध्याशी गेले आणि आत हात घातला.

बराच वेळ ते बोटांवरचा चुना चोळत उभे राहिले. पन्नास वर्षं चुन्यात घालवलेल्या माणसाला मी काय समजावणार होते? त्यांनी वर पाहिलं, खालच्या फरशीकडे पाहिलं, गिलाव्याचा एक खपला उचलून उलटा केला. तो आतून हिरवागार होता.

"पाणी आतच ऱ्हायलं की गं," ते म्हणाले.

मी झाकणावरच्या बोटांकडे बघत राहिले.

"तुला मापं घेताना कळलंतं?"

"हो."

"मग त्या दिवशी वाचून का न्हाय दावलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, आप्पा."

"वाटलं असतंच की. वाटाय नको?" त्यांचा आवाज चढला, आणि कामगार थांबून बघायला लागले. मग तो आवाज एकदम बसला. त्यांनी हातातला खपला हळूच ढिगावर ठेवला, जागा बघून, नीट.

"घर हुबं हुतं तवर सांगायचं हुतंस, पोरी. भिंतीवर हात ठेवून एकदा चुकलो म्हणलो असतो. आता कुणाला म्हणू?"