कोरड्या तलावातला पोहण्याचा वर्ग

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या शहरातला एक जुना पोहण्याचा तलाव बंद पडला. प्यायचं पाणी टँकरनं येत होतं, तिथं पोहायला कोण देणार? माझी मावशी त्या तलावावर मुलींना पोहणं शिकवायची. पाणी गेलं तरी तिनं वर्ग मोडला नाही. रखवालदाराला विचारून ती मुलींना खाली कोरड्या फरशीवर उतरवायची, स्टुलावर पालथं निजवायची आणि हातपाय मारायला लावायची.

"पाणी येईल तवा येईल. अंगाला सवय तर लागू द्या," म्हणायची.

मुलींची पोटं दुखायची, पण हसणं थांबत नसे. तेव्हाच करमाडच्या रस्त्याला नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या जाहिरातींच्या फलकांवर निळेशार तलाव झळकत होते.

मी बजाजनगरातल्या एका स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ एडिट करायचे. स्वतःची फिल्म करायची इच्छा होती, पण कॅमेऱ्याचं भाडंसुद्धा झेपणारं नव्हतं. अशात एका संस्थेनं नव्या लघुपटकारांकडून गोष्टी मागवल्याचं कळलं. गोष्ट आवडली तर फिल्मचा खर्च संस्था देणार होती. मी मावशीच्या वर्गाची गोष्ट पाठवली. तिला मात्र सांगितलं ते मुलाखतीचं बोलावणं आल्यावर.

"माझ्यावर पिच्चर?" ती म्हणाली. "लई रिकामी दिसतेस तू." आणि मुलाखतीच्या दिवशी सोबत आली. बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिली.

आत तिघं जण होते, दोन गृहस्थ आणि कडेला एक बाई. मी घाबरत गोष्ट सांगितली. मधले गृहस्थ खुर्चीत मागं रेलले.

"कल्पना नवी आहे. पण दुष्काळ कुठं दिसतोय यात? भेगाळलेली जमीन नाही, कुणाचा मृत्यू नाही. एखाद्या मुलीच्या वडिलांनी जीव दिला, असं दाखवता येईल का?"

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं, असं तेव्हा मला वाटलं. पण त्या मुलींचे वडील मला ठाऊक होते. कुणी वाळूजच्या कंपनीत, कुणी रिक्षावर. त्यांतल्या एकाला गोष्टीसाठी मारायचं, हे मनाला पटेना.

"नाही सर," मी म्हणाले. "त्या मुली तिथं हसायच्या. दुष्काळ होता म्हणूनच त्या स्टुलावर होत्या. मला तेवढंच दाखवायचंय."

मधल्या गृहस्थांनी समोरची फाईल मिटली. शेवटी कडेच्या बाई म्हणाल्या, "ठीक आहे, कळवू."

मी बाहेर आले.

"काय म्हणाले?" मावशीनं विचारलं.

"त्यांनी एक बदल सुचवला. मी नाय म्हणाले."

काय बदल, ते ऐकून तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बरं केलंस. त्या पोरींच्या आयांना मी काय तोंड दाखवलं असतं?"

नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. मी आशा सोडली होती. एका दुपारी गंगापूरकडच्या कुणाच्या तरी हळदीचं फुटेज लावत असताना फोन वाजला. त्या कडेच्या बाई होत्या. "तुमची गोष्ट निवडलीय," त्या म्हणाल्या. "आहे तशीच करा."

ते शेवटचे तीन शब्द ऐकले आणि छातीवरचं ओझंच उतरलं. स्क्रीनवर नवरीला हळद लागत होती आणि मी तिच्याकडं बघत रडत होते. मालकांनी घाबरून पाणी आणून दिलं.

शूटिंगला त्याच मुली हौसेनं कोरड्या तलावात उतरल्या. कॅमेरा लागला, पण 'ॲक्शन' म्हणायला माझा आवाजच फुटेना. मावशीनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं, मग मुलींकडं वळली.

"ए, गुडघे वाकवू नका! चला, मारा पाय!"

सगळ्या फरशीभर स्टुलं करकरू लागली. मी कॅमेरामनला खुणेनंच सांगितलं, थांबू नकोस.