कीबोर्डवरचे हात

"सर, जरा इकडे या ना," असं पोरांनी म्हटलं की आमच्या यांना जेवणाचीसुद्धा आठवण राहत नसे. हे, म्हणजे भागवत सर, बीडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. प्रोग्रॅम अडला की पोरगं उठायचं, हे त्याच्या खुर्चीत बसायचे, धडाधड टाइप करायचे आणि प्रोग्रॅम चालू! पोरं खूश, हे त्याहून खूश.

यंदा सुकन्या आली. ही यांचीच विद्यार्थिनी, तिचा प्रोजेक्टही यांनीच असा खुर्चीत बसून अर्धाअधिक लिहून दिलेला. पुण्याच्या कंपनीत काही वर्षं काढून ती बीडला परतली, आणि कंपनीत प्रोग्रॅमचं काम कसं चालतं ते शिकवायला कॉलेजनं तिलाच घेतलं.

हे घरी आले ते तोंड आंबट करून.

"हात मागं बांधून फिरते वर्गात! पोरांच्या कीबोर्डला बोट लावत न्हाई. नुसतं विचारते, 'तुला काय वाटतं?' याला काय शिकवणं म्हणायचं?"

"पोरं काय म्हणतात?"

"पोरांना काय, लई आवडतंय." पुढ्यातला चहा तसाच निवला.

तिचा एक नियम यांना फारच झोंबायचा. एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं वाचून 'ठीक' म्हटल्याशिवाय मूळ प्रोग्रॅममध्ये घालायचा नाही. मग तो कुणाचाही असो. "माझं लिहिलेलं पोरं तपासणार?" हे मलाच विचारायचे, जणू नियम मी काढला होता. आणि हल्ली खुर्चीतून कुणी उठत नव्हतं, ते वेगळंच.

पोरांनी हॉस्टेलच्या मेससाठी एक ॲप केलं होतं. कोण जेवणार ते मुलं दुपारी सांगायची आणि मेसच्या मुक्ताबाईंना भाकरीचा आकडा मिळायचा. उशिरा सांगणाऱ्यांची नावं त्यात धरली जात नव्हती. वर्गातल्या सिदूनं दुरुस्ती लिहिली, पण ती वाचून 'ठीक' म्हणणारी बबिता गावाकडे लग्नाला गेलेली. सिदू यांच्यापाशी कुरकुरला आणि यांची कळी खुलली.

"ऊठ बे, सरक. पाच मिनिटांचं काम हाय."

कित्येक दिवसांनी खुर्ची मिळाली होती. पासवर्ड यांच्याकडे होताच. सिदूचं पुसून स्वतःचं लिहिलं आणि कुणाला न दाखवता थेट मूळ प्रोग्रॅममध्ये घातलं. त्या दिवशी आनंदानं घरी पेढे घेऊन आले.

संध्याकाळी मुक्ताबाईंचा फोन. आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला.

"सर, गाव जेवायला बोलवलंय का? ह्या एवढ्या भाकरी कावून करायला लावल्या?"

यांच्या दुरुस्तीनं सगळ्यांचीच नावं दोनदा मोजली होती.

दुसऱ्या दिवशी सुकन्यानं वर्गात फळ्यावर लिहिलं: काय झालं, कशामुळे झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. कुणी केलं, हा प्रश्नच नाही. बदल कुणी केला ते कॉम्प्युटरवर दिसतच होतं, पोरं खाली माना घालून बसली. हे मागच्या बाकावर आपलं नाव येण्याची वाट बघत राहिले, पण तिनं ते घेतलं नाही.

"घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं," हे मला म्हणाले. "तिथंबी तीच मोठी झाली."

शेवटी वर्गात हेच उभे राहिले होते. "मी केलंय ते. दुरुस्तबी मीच करणार."

"करा ना सर," सुकन्या म्हणाली. "बबिता आली की वाचेल."

बबितानं ते परत पाठवलं. 'सर, कोडमधल्या या भागाला दिलेल्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही.' यांनी घरभर फेऱ्या मारल्या, नाव बदललं. पुन्हा परत. 'सर, एकच मुलगा दोनदा सांगेल तेव्हा काय?' या खेपेला यांनी बराच वेळ विचार करून लिहिलं. मग एका दुपारी मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. हिरवी खूण, खाली बबिताचं 'ठीक आहे सर'.

चेहरा फुललेला, पुन्हा पेढे आणलेले, पण एक उचलता उचलता थांबले.

"सुकन्याचं किती वेळा परत येत असंल गं?"

"विचारा की तिलाच."

"मी कावून विचारू?"

दुसऱ्या दिवशी दारातूनच हाक आली, चपला पायातच.

"अगं, ऐकलंस का? बबितानं तिचं चारदा परत केलंय! चारदा!"

त्या दिवशी जेवताना यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.