डब्यांची खोली

कोणी काहीही मागितलं की तो टेबलावर तळहात आडवा ठेवायचा आणि विचारायचा, "हेड कोणतं?"

आमच्या गावचा ग्रामसेवक. मूळचा उमरखेडचा. बायको आणि लहान पोरगी तिकडंच, हा इकडं मारुतीच्या देवळामागं एका खोलीत. तुम्ही खेड्यातले असाल तर असा माणूस पाहिलाच असेल. गाव त्याला साहेब म्हणते आणि तालुक्याचे साहेब त्याला अरे म्हणतात.

हेड म्हणजे वरून आलेला पैसा कशासाठी आला, त्याचं नाव. नालीचा पैसा नालीला, दिव्याचा दिव्याला. मी चौथी शिकलेलो, पण पंचायतीत दरवेळी निवडून आलो आणि कोणाच्या बापाला भ्यालो नाही. मी त्याला म्हणायचो, "साहेब, पैसा एकाच पेटीत येते ना? मंग हे नाली-दिवा काय लावलं?"

"पेटी एकच आहे मेंबर, पण कुलपं निरनिराळे. अन् किल्ली एकाचीबी माह्यापाशी नाही."

ते दिवस कापसाचे वाईट होते. अळी मरत नव्हती, म्हणून औषधावर औषध. फवारणी झाली की रिकामे डबे बांधावर, नालीत, उकिरड्यावर. पण घट्ट झाकणाचा डबा कोण पडू देईल? लोक धुऊन घरी न्यायचे. कोणी त्यात तेल ठेवी, कोणी पाणी. माझ्याच वावरात निंदायला आलेली एक बाई अशा डब्यातून पाणी पिताना त्यानं पाहिली.

"बाई, हा कायचा डबा आहे?"

"औषधाचा. राखेनं घासला ना साहेब. वासबी येत नाही, पाहा."

तिनं डबा त्याच्या नाकाशी धरला. त्यानं वास घेतला, डबा हातात घेतला आणि परत देईना. ती बांधापर्यंत त्याच्यामागं धावली. "माहा डबा द्या! चांगला डबा हाये!" शेवटी मी मध्ये पडून तिचा तिला द्यायला लावला. निंदण सोडून गेली असती तर कोणाला बोलावलं असतं?

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एक खूळ बसलं. पंचायतीनं भाड्यानं बैलबंडी लावायची. तिनं घरोघरी आणि वावरोवावरी फिरून डबे गोळा करायचे. पण बंडीला हेड नाही. तालुक्याला चकरा मारमारून त्याला एकच हेड सापडलं, गावातले उकिरडे गावाबाहेर हलवणे. कचरा वाहायचा खर्च त्यात बसत होता. त्यानं कागदावर उकिरडे लिहिले आणि मनात बंडी ठेवली.

तिथंच तो चुकला. आमच्याकडं भाऊ वेगळे निघाले की घर, वावर, बैल वाटतात, तसा उकिरडाही वाटतात. दिवाळीला तिथं दिवा ठेवतात. एरवी ग्रामसभेला माणूस येत नाही, सह्या घरोघर जाऊन घ्याव्या लागतात. हा ठराव आला त्या दिवशी बायासुद्धा आल्या.

"आमचा उकिरडा काहून नेता? तुमच्या उमरखेडले उकिरडे नाहीत का?"

"आज उकिरडा नेता, उद्या गोठा न्याल!"

गावात मोठ्यात मोठा उकिरडा माझा, अगदी रस्त्याला लागून. मी उभा राहिलो. "माह्या बापाचा उकिरडा आहे. ज्याले हलवायचा, त्यानं आंधी मले हलवून दाखवावं!" टाळ्या पडल्या. ठराव पडला.

संध्याकाळी तो माझ्या ओसरीवर आला. चहा घेतला नाही.

"मेंबर, मले उकिरडे नाही पायजेत. मले बंडी पायजे. पण वरचे साहेब पाहायले येतीन. एक तरी उकिरडा हललेला दिसला पायजे, नाही तं मार्चले पैसा वापस जाते."

"मंग कागदावर खरं लिहा ना."

"खरं लिहायले हेड नाही."

मी नाहीच म्हणालो. तेवढ्यात बायको चुलीपासून बोलली, "तुम्ही कधी एक टोपलं शेण उचललं का? उकिरडा तुमच्या बापाचा, अन् टोपलं माह्या डोक्यावर! रस्ता चढून चढून माही कंबर गेली. हलवा, खाली वढ्याकडं न्या." आणि माझ्याकडं न पाहता भाकर थापत राहिली.

उकिरडा हलला. बाकी कोणाचा हलवायचा नाही, या बोलीवर पुढच्या सभेत ठरावही पास झाला. गाव मला हसलं. मी सांगितलं, माझी मर्जी झाली म्हणून हलवला.

बंडी हंगामभर फिरली. डबे इतके आले की ठेवायला जागा पुरेना. पंचायतीला खोली एकच. कपाट एका कोपऱ्यात सरकवून डबे छतापर्यंत रचले. वासानं आत बसणं होईना, तेव्हा टेबल बाहेर व्हरांड्यात आलं. आता हे डबे पुढं न्यायचे कुठं? उमरखेडचा भंगारवाला भला माणूस होता. टेम्पो घेऊन आला, दारातूनच मागं फिरला. "साहब, ये तो जहर है. इसको हात कौन लगाएगा?" तालुक्याहून उत्तर आलं की हेड उकिरड्यांचं होतं, डब्यांचं नाही.

मग तो खोलीला कुलूप लावून व्हरांड्यात बसू लागला. उन्हाळा गेला, पावसाचे सडाके टेबलावर आले, तरी तिथंच. बाया यायच्या. "साहेब, एक द्या ना, झाकणवाला. पाण्याले होते."

"नाही."

"मंग तुम्ही काय लोणचं घालता का त्याचं?"

तोही हसायचा. पण एकही डबा त्यानं दिला नाही.

आणि एक दिवस त्याची बदली आली. किती वर्षं मागत होता, ती उमरखेडजवळच्या गावी. नवा ग्रामसेवक खोलीत डोकावला, नाकाला रुमाल लावला. "हा माल कुठेच नोंदलेला नाही. खोली रिकामी करून द्या, मग सही करतो." नव्या माणसाची सही झाल्याशिवाय जुन्याला जाता येत नाही.

सरपंच म्हणाला, "कायले डोकं लावता? वाटून टाका गावात. घंटाभरात खोली साफ, अन् तुम्ही संध्याकाळी पोरीपाशी."

खोटं नव्हतं. बातमी पसरलीही होती. बाया पंचायतीपुढं जमल्या होत्या, पुढं माझ्या वावरात निंदायला येणारी ती बाई. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं. मग मला म्हणाला, "मेंबर, मोठा खिळा आहे का घरी? अन् हातोडी?"

मी दोन्ही आणून दिलं. तो उंबऱ्यावर बसला. एकेक डबा पालथा घ्यायचा, बुडाला खिळा ठोकायचा आणि अंगणात फेकायचा. सरपंच ओरडला, नवा माणूस ओरडला. मीही म्हणालो, "साहेब, हा सरकारी माल. फोडायले हेड कोणतं?"

"याले हेड नाही, मेंबर," तो म्हणाला आणि पुढचा डबा घेतला.

एका बाईनं एक डबा उचलून उन्हाकडं धरला. भोकातून उजेड तिच्या गालावर पडला. "खराबच करून टाकला मेल्यानं," म्हणून तिनं तो टाकला आणि निघून गेली. मग एकेक करून सगळ्याच गेल्या. दिवस कलला तेव्हा खोली रिकामी होती. अंगणात ढीग होता, पण अंगणाबद्दल नव्या माणसानं काही विचारलं नाही. त्यानं सही केली.

ग्रामसेवकाचे हात लाल झाले होते, सालं निघत होती. माझ्या दारात तो राखेनं हात घासत राहिला. मी आयुष्यात कोणाच्या हातावर पाणी घातलं नव्हतं. त्या दिवशी तांब्या मीच घेतला. त्यानं हात हुंगले, पुन्हा राख मागितली.

"जात नाही हो मेंबर. अन् पोरगी तं दारातच अंगावर झेप घेते."

बादली संपली, तेवढ्यात एसटी आली. त्याची पिशवी मी गाडीत चढवली, कारण तो कशालाच हात लावत नव्हता. खिडकीशी बसला आणि दोन्ही हात त्यानं बाहेर वाऱ्यावर धरले. गाडी फाट्यावर वळली, तेव्हाही ते तसेच बाहेर होते.