अक्काच्या लॅपटॉपची वायर

एखादं पत्रक हातात पडल्यावर, हे लिहिणाऱ्याने स्वतः काही तपासलं असेल का, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे? मला पडला नव्हता, आणि मी तर लिहिणारा होतो.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील सभांना जायचे, उरलेले गठ्ठे घरी यायचे, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचो. राग आला की लिहायचं आणि छापून वाटायचं, ही सवय तिथलीच. जळगावात मेहरूण भागात खोली घेऊन राहत होतो, तेव्हा मोबाइलच्या दुकानात एक वायर पाहिली. शंभर वॅटची, साध्या वायरीच्या चौपट किमतीची. मी भडकलो. त्याच आठवड्यात पत्रक काढलं. तांबं ते तांबं, आणि महाग वायरीत चिप असते ही निव्वळ थाप आहे, असं त्यात ठणकावून लिहिलं. बसस्थानकावर वाटलं. घरी दोंडाईच्याला मोबाइलवर पाठवलं.

मोठी बहीण, आमची अक्का, तिथे तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते. नाशिककडच्या एका शाळेत कायम जागा निघाली होती. मुलाखत ऑनलाइन होती, आणि त्यातच पाठ घेऊन दाखवायचा होता. तिचा लॅपटॉप जुना, बॅटरी दमलेली, चार्जरची वायर तुटलेली. दुकानातून तिचा फोन आला.

“हाई शंभर वॅटनी जाड वायर हातमा शे. लेऊ का?”

“अक्का, पत्रक वाचलं नाहीस का? ठेव परत. साधी घे.”

“दुकानदार हसी ऱ्हायना.”

“हसू दे. त्याचा धंदाच आहे तो.”

तिने साधी घेतली.

मुलाखतीच्या दुपारी मी दोंडाईच्याला घरी आलो होतो, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात. अक्का पानातलं हरितद्रव्य समजावत होती, छान समजावत होती. वीज होती, वायर लावलेली होती, तरी बॅटरीचा आकडा उतरत होता. कॅमेरा, आवाज, पडद्यावरची चित्रं, एवढ्यांना पुरेल इतकी वीज त्या वायरीतून येतच नव्हती. बोलता बोलता तिने खाली हाताने मला खूण केली. मी प्लग हलवला, मग दुसऱ्या बोर्डात लावला. तेवढ्यात बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला. ती मोबाइलवरून परत जोडली गेली, पण चित्रं लॅपटॉपमध्ये अडकलेली. तोंडीच शिकवत राहिली. तिकडून कोणीतरी म्हणालं, “ठीक आहे मॅडम, कळवतो.” आठवड्याने नकार आला.

ती वायर, अक्काचा चार्जर आणि लॅपटॉप घेऊन मी जळगावात एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने चार्जर आणि वायर यांच्या मध्ये बोटाएवढा मीटर लावला. पंधरा वॅट.

“लॅपटॉप मागतो पासष्ट. जास्त वीज सोडायच्या आधी चार्जर वायरीला विचारतो, झेपेल का? मोठ्या ताकदीच्या वायरीत उत्तर द्यायला चिप असते,” तो म्हणाला. “मध्ये कोणी पत्रक काढलं होतं, चिप खोटी म्हणून. गिऱ्हाईकं तेच घेऊन भांडायची. त्या शहाण्याला एकदा इथे आणून बसवा, भाऊ.”

“मीच तो.”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं. “मग बसा.”

मी बसलो. त्याने आणखी एक वायर लावून दाखवली, पाकिटावर मोठ्या अक्षरांत शंभर वॅट. मीटरवर पुन्हा पंधरा. म्हणजे लूट होतीच, फक्त मी बोट भलतीकडे दाखवलं होतं.

घरी जाऊन अक्काला सांगितलं, नवं पत्रक काढतो, या बनावट पाकिटांवर. ती वह्या तपासत होती. रागावलीसुद्धा नाही.

“आते परत कागद नको काढू, भाऊ. पहिले मोजी ले.”

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तासांवर गेली. मीही दमलो आहे. जाहीर माफीचा मसुदा दोनदा लिहिला, दोन्ही वेळा त्यात माझ्या चुकीपेक्षा माझा आवेशच जास्त दिसला. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. वायर घ्यायला जाल तेव्हा आपला चार्जर आणि लॅपटॉप सोबत न्या. पाकिटावरचं वाचून घेऊ नका, मी सांगतो म्हणूनही घेऊ नका. दुकानदाराला मीटर लावायला सांगा, आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुकानातून हलू नका.