गुळाच्या पाण्यावर वाढलेले बापटांचे टोमॅटो

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. प्लास्टिकच्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक दिवस कपाट उघडलं की धडाधड अंगावर येतात. आमच्या अलॉटमेंटच्या किश्श्यांचं तसंच झालंय. अलॉटमेंट म्हणजे कार्डिफमध्ये कौन्सिलने भाजी लावायला भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा. माझा तुकडा मधला. डावीकडे डॉक्टर बापट, उजवीकडे ग्लिन. त्यामुळे जे काही होतं ते माझ्या डोक्यावरूनच जातं.

बापट रिटायर्ड डायबेटिस कन्सल्टंट. ग्लिन रिटायर्ड बस ड्रायव्हर आणि बापटांचा वीस वर्षांचा पेशंट. मी बापटांच्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. म्हणजे एकाच्या रक्तातली साखर मी मोजायची आणि त्यावरून दुसऱ्याने त्याला झापायचं, असा आमचा तिघांचा जुना संबंध. ग्लिन अर्थातच वेल्श हेल काढून इंग्रजीत बोलतो. इथे त्याला मी मराठीत बोलायला लावलंय, त्याची हरकत नसावी.

* * *

सुरुवात एका व्हिडिओने झाली. बापटांच्या सांगलीच्या चुलतभावाने तो फॉरवर्ड केला होता. शेण, गोमूत्र, बेसन आणि गूळ पाण्यात आंबवून पिकाला घालायचं, असं त्यात एक शेतकरी नीट समजावून सांगत होता. बापटांनी दोनदा पाहिला आणि जाहीर केलं, "मुद्द्याची गोष्ट गूळ आहे. गुळाने फळाला गोडी येते."

"आणि शेण?" मी विचारलं.

"कार्डिफमध्ये शेण कुठून आणणार?"

गाडीने वीस मिनिटांवर गाई चरत होत्या. पण डॉक्टरांची गाडी नवी होती.

त्यांची बायको नीला शेजारी बसून पालक निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे आमटीतली डाळ काढून टाकली, आणि फोडणी तेवढी ठेवली."

* * *

मे महिन्यापासून टोमॅटोला रोज गुळाचं पाणी सुरू झालं. बापट शर्टाच्या बाह्या दुमडून, एकेका रोपापाशी थांबून, राउंड घेतल्यासारखे पाणी घालायचे. चौथ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली. दुसऱ्या आठवड्यात वास्प घोंघावायला लागल्या. आपल्याकडच्या गांधीलमाश्यांच्या या चुलत बहिणी, स्वभाव तोच.

ग्लिन कुंपणापाशी येऊन बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर, वीस वर्षांत तुम्ही मला एक कस्टर्ड क्रीम बिस्किट खाऊ दिलं नाहीत."

"तुझं पॅनक्रियास बिघडलंय, ग्लिन. यांचं नाही."

"यांना आहे का पण?"

बापट पुढच्या रोपाकडे गेले.

* * *

मग आंबा. वॉटफर्डहून नीलाच्या बहिणीने हापूसची पेटी आणली, त्यातले चार आंबे वाटेतच लागले होते. नीला ते फूड वेस्टच्या डब्यात टाकणार, तेवढ्यात बापटांनी पिशवी हिसकावली. फळाची चव मुळांवाटे वर चढते, असा त्यांचा नवा सिद्धान्त होता. चार रोपांच्या मुळाशी चार खड्डे केले, एकेकात एकेक हापूस पुरला. वर लाकडी पट्ट्या लावल्या, त्यावर मार्करने लिहिलं: आंबा एक, आंबा दोन, तीन, चार.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही रोपं उपटून आडवी पडलेली. खड्डे मोकळे, कोयी चाटूनपुसून पट्ट्यांशेजारी ठेवलेल्या. ओल्या मातीत कोल्ह्याची पावलं स्पष्ट होती.

बापटांचा चेहरा बघवत नव्हता. बी पेरल्यापासून त्यांनी ती रोपं बेडरूमच्या खिडकीत वाढवली होती. नीलालाही वाईट वाटलं असावं, पण तिला राहवलं नाही. "लोक उगीच नावं ठेवतात," ती म्हणाली, "द्राक्षं आंबट म्हणतो तो. आंब्याबद्दल त्याची काही तक्रार नाही."

* * *

जूनच्या अखेरीस उरलेल्या रोपांची खालची पानं पिवळी पडली. तेव्हा बापटांची नात रिया आली. ती इथेच जन्मलेली, युनिव्हर्सिटीत मातीचाच अभ्यास करते. तिने गुडघ्यावर बसून चिमूटभर माती बोटांत चोळली, वास घेतला.

"आजोबा, तुमचा माती उपाशी आहे."

"तुमची," बापट म्हणाले. "माती स्त्रीलिंगी. आणि उपाशी कशी? रोज गूळ घालतोय."

"तेच ना. साखर बॅक्टेरिया खातो. तो खूप मोठा फॅमिली करतो. मग त्यांना नायट्रोजन लागतो, तो पण मातीतला सगळा घेऊन टाकतो. झाडाला काय राहिला? आणि गोडी मुळातून नाही येत. पानं बनवतात साखर, उन्हात. मग फळाला पाठवतात."

मला वाटलं, आता पटेल. इतकं सरळ मला लॅबमध्ये कुणी समजावलं नव्हतं. पण समोर बसलेली मुलगी त्यांनी खांद्यावर खेळवलेली.

"रिया, मी पस्तीस वर्षं शुगरवर काम केलंय."

"हो आजोबा. पण तुमच्या पेशंटला पानं नव्हती."

संध्याकाळपर्यंत ते तिच्याशी फक्त व्याकरणाबद्दल बोलले.

* * *

ऑगस्टमध्ये नीलाने घरीच परीक्षा घ्यायचं ठरवलं. तीन बशा: अ, ब, क. एकीत गुळावरचे टोमॅटो, दुसरीत माझे, ज्यांना मी पाण्याखेरीज आणि शिव्यांखेरीज काही घातलं नव्हतं, तिसरीत सुपरमार्केटमधले. कुठल्या बशीत काय, ते फक्त नीलाला ठाऊक.

बापटांनी डोळे मिटून एकेक फोड खाल्ली, मध्ये पाण्याची चूळ भरली. ब बशीतली फोड मात्र सावकाश चघळली. "ही. शंकाच नाही. मागे गुळाचा खमंगपणा येतोय बघ."

नीलाने चिठ्ठी उलटली. सुपरमार्केट.

मी खिडकीबाहेर बघायला लागले. बापटांनी तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली आणि म्हणाले, "म्हणजे तेही गूळच घालत असणार. मोठ्या प्रमाणावर."

* * *

हे सगळं मी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत रंगवून सांगायचे, आणि लोक हसायचे. एकदा नीला मला बाजूला घेऊन म्हणाली, "सांग गं तू, मीही सांगते. पण एक आहे. आधी रोज चाळीस माणसं त्यांना विचारायची, डॉक्टर, काय करू? आता कुणी विचारत नाही. मीसुद्धा नाही." मग ती समोसे आणायला गेली. त्यानंतर महिनाभर मी कुणाला काही सांगितलं नाही. पुढे परत सांगायला लागले, हेही खरंच.

* * *

शेवटचा किस्सा सप्टेंबरच्या शोचा. अलॉटमेंटवाल्यांचं वर्षाचं प्रदर्शन असतं, टेबलांवर भाज्या मांडतात आणि बाहेरून जज येतात. टोमॅटोला चवीचं वेगळं बक्षीस असतं.

त्याचं असं झालं, की जुलैपासून बापटांची रोपं सुधारायला लागली होती. पिवळेपणा गेला, नवी पानं काळपट हिरवी आली. उन्हाळाही त्या वर्षी भरपूर ऊन घेऊन आला होता. बापट म्हणत होते, गूळ लागू पडायला वेळ लागतो.

मी एरवी दहाला जाते. एका मंगळवारी डेंटिस्टची अपॉइंटमेंट होती म्हणून सातलाच गेले. बापटांच्या वाफ्यात ग्लिन ओणवा होता. त्याच्या हातात कोंबडीखताच्या गोळ्यांची बादली होती. मूठभर गोळ्या रोपाभोवती टाकायच्या, खुरप्याने मातीत मिसळायच्या, वरून माती सारखी करायची. सगळं इतकं बेताने, की कुणी हात लावलाय असं दिसू नये.

मला बघून तो उठला नाही.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"त्याची पानं पिवळी झाली तेव्हापासून."

"मग त्यांना सांगत का नाहीस? गुळाने काही होत नाही म्हणून?"

ग्लिनने डाव्या बुटावरची माती झटकली. "हा पाय कापायचा असं दोघा सर्जननी सांगितलं होतं. त्याने कापू दिला नाही. सहा आठवडे रोज स्वतः ड्रेसिंग उघडून बघायचा." मग पुढच्या रोपाकडे सरकला. "तू डेंटिस्टला जाणार होतीस ना?"

शोच्या दिवशी जजबाईंनी अकरा बशांमधले टोमॅटो चाखले आणि पहिलं बक्षीस बापटांना दिलं. बापट टाय लावून आले होते. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, ते बारा मिनिटं बोलले. गूळ कसा निवडावा, काळा का घ्यावा, कोमट पाण्यातच का विरघळवावा. नीलाने माझ्याकडे बघितलं, मी टेबलक्लॉथकडे.

टाळ्या झाल्या. लोक चहाकडे वळले. ग्लिन मात्र खुर्च्यांच्या रांगेतून सरळ पुढे गेला, बापटांसमोर उभा राहिला. खिशातून बसच्या जुन्या वेळापत्रकाचा कागद काढला, कानावरची पेन्सिल घेतली.

"एका झारीला किती चमचे म्हणालात, डॉक्टर?"

बापटांनी चष्मा नीट केला. "लिहून घे," ते म्हणाले. "तीन. सपाट."

ग्लिनने लिहून घेतलं.